चारपैकी दोन कोपरे

बालाजी गेला त्याला आता सात आठवडे होतील. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर बातमी होती, 'घरगुती हेलिकॉप्टर कोसळून कामगाराचा मृत्यू', आणि शेवटच्या ओळीत, 'तांत्रिक बिघाडामुळे अपघात झाल्याचा प्राथमिक अंदाज'. मी ती थेरगावात, बालाजीच्या इमारतीखाली, जिन्याजवळच्या चपलांच्या ढिगाशेजारी उभं राहून वाचली. घरगुती म्हणे. पापड-लोणची असतात घरगुती. ज्या माणसाने अकरा वर्षं केसाच्या जाडीएवढी चूक स्वतःला माफ केली नाही, त्याचं काम बातमीदाराने नेऊन बचतगटाच्या स्टॉलवर मांडलं. त्या शब्दाचा राग आला हे खरं, पण तो राग मला सोयीचाही होता. कारण शेवटची ओळ वाचून मला हायसं वाटलं होतं. बिघाड यंत्रात होता असं छापून आलं होतं, म्हणजे तो माझ्यात नव्हता. मित्र वर बर्फाच्या लादीवर आणि खाली मी सुटकेचा श्वास सोडतोय... हा लेख लिहायला सात आठवडे लागले ते त्या श्वासामुळे.

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी. माल तयार झाला की मोजायचा, बरोबर असेल तर हिरवा टॅग लावायचा, नसेल तर लाल, एवढंच माझं काम. बालाजी तिथेच टूलरूमला, साचे आणि हत्यारं घडवणाऱ्या खात्यात होता. औशाकडचा, आयटीआय करून आलेला, कमी बोलणारा. माझी-त्याची ओळख लाल टॅगवरूनच झाली. त्याने केलेला एक पीस मी मोजला, कमी भरला, टॅग लावून परत पाठवला. अर्ध्या तासाने तो स्वतः आला. भांडला नाही. माझं मायक्रोमीटर मागून घेतलं, रुमालाने पुसलं, उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाला, "राव, पीस बरोबर हाय. हे तुमचं यंत्र आजारी हाय, ह्याला दवाखान्यात न्या." मी चिडलो. पण ते तपासायला पाठवलं तेव्हा खरंच त्याचा शून्य सरकलेला निघाला. पुढे सव्वीस वर्षं मी त्याचे पीस मोजले आणि एकालाही लाल टॅग लावायची वेळ आली नाही. शेवटी शेवटी तर मी मोजतही नव्हतो. बालाजीचा पीस आहे ना, मग लावा हिरवा, असं माझं चाले. लग्नं होईपर्यंत कुरुळीत आम्ही एकाच खोलीत राहिलो. आमची सुट्टी गुरुवारी असते, सगळं जग कामावर जातं तेव्हा आम्ही घरी. त्यामुळे आमच्यासारख्यांना मित्र असले तरी ते आमच्यासारखेच असतात.

हेलिकॉप्टरचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका लग्नात. अलीकडे या भागात जमिनींना सोन्याचा भाव आल्यापासून नवरी मोटारीतून सासरी गेली तर कमीपणा वाटतो. भाड्याचं हेलिकॉप्टर आणतात. कुरुळीच्या नानांच्या पुतणीचं लग्न होतं. नाना म्हणजे गावातलं जुनं शेतकरी घर. अर्धी जमीन कारखान्यांत गेली, उरलेलीवर गोदामं आणि एक मंगल कार्यालय. आम्ही त्यांचेच जुने भाडेकरू म्हणून आम्हालाही आमंत्रण होतं. सगळं गाव नवरीकडे बघत होतं आणि बालाजी वरच्या पंख्याच्या बुडाशी असलेल्या जोडाकडे. इतका वेळ बघत राहिला की पायलटने त्याला हटकलं. परत येताना म्हणाला, "त्यात न होण्यासारखं काय हाय, सुधाकर? नळ्या हायत, बेरिंगी हायत, इंजिन हाय. आपून रोज हेच करायलोत की." मी हसलो. त्याची थट्टा करणाऱ्यांतला पहिला मीच, आणि नंतर अकरा वर्षं दर गुरुवारी त्याच्या शेडमध्ये स्टुलावर बसून चहा पिणाराही मीच.

शेड नानांनी दिली, तिच्यापुढचं पडीक शेत दिलं, कशाचंही भाडं घेतलं नाही. नानांबद्दल वाईट लिहावं असं मला फार वाटतं, पण लिहिता येत नाही. बालाजीवर त्यांचा खरा जीव होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते शेडमध्ये आणून दाखवायचे आणि "आमचा बालाजी" म्हणायचे. आमच्या कंपनीतल्या साहेबांनी मात्र त्याला एकदाच केबिनमध्ये बोलावलं. "टूलरूमच्या मशीनवर खासगी काम करतोस का?" एवढंच विचारायला. त्याने केलं नव्हतं. पुढे टूलरूमच बंद झाली, काम बाहेरून करून घेणं स्वस्त पडतं म्हणे, आणि बालाजीला एक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. परवानगीबद्दलही इथेच सांगून टाकतो. ती नव्हती. त्याने अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली. एका कार्यालयाने दुसऱ्याचा पत्ता दिला, दुसऱ्याने पहिल्याचा. त्याने उडवायला नको होतं हे मला पटतं. पण हे मला आता पटतं, आणि बैल गेल्यावर झोपा करणाऱ्यांत मी एकटा नाही.

उडवायची त्याची पद्धत कुणाला खुळचट वाटावी इतकी सावध होती. दोन वर्षं ते यंत्र चार साखळ्यांनी जमिनीला बांधलेलं होतं. गुडघाभर वर उठायचं आणि खाली. मग कमरेएवढं. साखळ्या काढल्या त्या दिवशी नानांनी नारळ फोडला, तर याने शेवटच्या साखळीला हात लावण्याआधी पुन्हा सगळे नट तपासले. झाडांच्या वर जायला आणखी दीड वर्ष गेलं. महानंदा वहिनी, त्याची बायको, सुरुवातीला अबोला धरायच्या. नंतर एकदा मला म्हणाल्या, "भावजी, दारू पितेत त्यांच्यापेक्षा बरं. निदान कुठं हायत ते ठाऊक असतंय." उतरायच्या जागेचा मात्र त्याला ध्यास होता. उडण्याआधी तो ती सगळी जागा स्वतः पायी फिरायचा. प्लॅस्टिकची पिशवी, वाळका पाला, पोत्याचा तुकडा, काहीही दिसलं की उचलून खिशात. मुरमावर पाणी मारायचं, चुन्याच्या फक्कीने एक गोल आखायचा, आणि त्या गोलाच्या आसपास काहीही सुटं असता कामा नये. मी कंटाळून म्हणायचो, अरे, झाडलोट करायला आलायस की उडायला? तो वाकून पुढची काडी उचलायचा.

गेल्या हिवाळ्यात नानांनी सत्काराचं काढलं. मंगल कार्यालयापुढच्या मोकळ्या मैदानात मांडव, शाल, श्रीफळ, फेटा. बालाजीने शेडपासून ओढ्यापलीकडून उडत यायचं आणि मांडवापुढे उतरायचं. तीन शेतांचं अंतर, मिनिटभराचं काम. मला वाटलं होतं तो नाही म्हणेल. तो नाही म्हणाला नाही. उलट शर्ट शिवायला टाकला. "महानंदा पुढच्या खुर्चीवर बसू दे एकदा," एवढंच म्हणाला. सव्वीस वर्षांत त्या माणसाच्या खांद्यावर कुणी साधा टॉवेल टाकला नव्हता, शाल तर लांबच. त्याला हौस होती. हौस असणं गुन्हा नाही... पण त्या हौसेपायी त्याने आयुष्यात पहिल्यांदा उतरायची जागा दुसऱ्यावर सोपवली. यंत्र ओढ्याच्या पलीकडे, मांडव अलीकडे. दोन्हीकडे एक माणूस कसा असणार? सकाळी मी शेडमधून निघताना त्याने माझ्या हातात दोन फडकी दिली, एक हिरवं आणि एक लाल. "जमीन तू बघ. तू बघितलास म्हणजे मी बघितल्यासारखंच हाय. बरोबर असंल तर हिरवं दाखव, मला वरून दिसतंय. नाहीतर लाल दाखव, मी माघारी जातो, त्यात काय."

मी मैदानात पोचलो तर फक्कीचा गोल मुरमावर नव्हता. तो लाल मॅटवर होता. मांडववाल्याने सगळ्या मैदानाच्या मधोमध, लग्नात नवरदेवाच्या पायाखाली अंथरतात तसली लांबरुंद मॅट अंथरली होती, आणि तिच्यावर नानांच्या घरच्या बायकांनी रांगोळीने पंखे काढले होते. मी म्हणालो, नाना, ही काढावी लागेल. नानांचं तोंड एवढंसं झालं. "आरं, मानाचा माणूस उतरनार, त्याचा पाय मातीत पडू द्यायचा व्हय? रोजच उतरतोय की मातीत. आज तरी न्हाई." मी म्हणालो, वाऱ्याने उडेल. "खिळे ठोकल्यात की चांगले हातहातभर. बघ वढून." मी वाकलो. मांडवाच्या बाजूचा उजवा कोपरा ओढला, हलला नाही. डावा ओढला, तोही हलला नाही. पलीकडचे दोन कोपरे चाळीस पावलांवर होते. माणसं जमू लागली होती, त्यांना दोरीच्या मागे सारायचं होतं, नाना माझ्याकडे बघत होते. आणि आमच्या धंद्यात एक सवय असते. शंभर पीस आले तर शंभर कुणी मोजत नाही. चार-पाच काढायचे, ते बरोबर निघाले की सगळी पेटी बरोबर. सव्वीस वर्षं मी हेच केलं आणि त्यावर घर चालवलं. सरळ झालो, हात झटकले आणि म्हणालो, ठीक आहे.

पलीकडच्या बाजूला मुरमाखाली खडक लागला होता. तिथे खिळे वाकले म्हणून मांडववाल्याने मॅटच्या कडेवर विटा ठेवल्या होत्या आणि वर मॅटचीच घडी टाकून त्या झाकल्या होत्या, बरं दिसावं म्हणून. हे मला नंतर कळलं. मी हिरवं फडकं दाखवलं. तो ओढ्यावरच्या बाभळींवरून आला, इतका सरळ की मला अभिमान वाटला. लोक खुर्च्यांवर चढले, शेदीडशे मोबाइल वर झाले. महानंदा वहिनी मांडवात ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या, त्यांना फक्त पाठी दिसत होत्या. मी बाजूला उभा होतो, म्हणून मला पलीकडची कड दिसली. तो दोन पुरुष उंचीवर असताना ती उठली. दोरीवरचं धुणं वाऱ्याने उचलावं तशी आधी फुगली, मग उभी राहिली आणि त्याच्या शेपटीकडच्या छोट्या पंख्यात गेली. मी लाल फडकं शोधत होतो. ते माझ्या खिशात होतं. यंत्र जागच्या जागी गरगर फिरलं, कलंडलं आणि मोठा पंखा जमिनीवर आपटला. धुरळा खाली बसला तेव्हा सगळं झालेलं होतं. दोरीमागच्या एकाही माणसाला ओरखडा उठला नाही. लोकांना मागे सारायचं काम मी चोख केलं होतं.

यंत्र मॅटवरच पडलं होतं, त्यामुळे मॅट त्याला गुंडाळलेली दिसली याचं कुणाला नवल वाटलं नाही. मोबाइलमधल्या चित्रांत लाल धुरळ्याखेरीज काही दिसत नाही. आधी मॅट उठली आणि मग यंत्र फिरलं, हा क्रम पाहणारा मी एकटा. दवाखान्याच्या आवारात नानांनी मला बाजूला घेतलं. दोन तासांत दहा वर्षांनी म्हातारे झाले होते. "त्या मॅटमुळं झालं का रं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माहीत नाही नाना.  नाना म्हणाले, "मग जे म्हाईत न्हाई ते बोलू नगं." मी बोललो नाही. जबाबात सांगितलं, 'यंत्र डळमळलं आणि खाली आलं.' एकही शब्द खोटा नाही. झाकली मूठ झाकलीच राहिली, नानांची आणि माझी. त्याच आठवड्यात मांडववाल्याने दुसऱ्या कुठल्या लग्नात नवी मॅट अंथरली असेल. आणि चहाच्या टपरीपासून कंपनीच्या कँटीनपर्यंत एकच चर्चा, आयटीआयवाल्याने पायरी सोडू नये, कुठला तरी जोड कच्चा राहिला असणार. ज्यांना साधा नट धड आवळता येत नाही ते बालाजीच्या जोडांबद्दल बोलत होते, आणि मी तिथे बसून वडापाव खात होतो.

दहाव्याला पवनेच्या घाटावर कावळा शिवेना. कावळ्याला काही कळतं यावर माझा विश्वास नाही. आमच्या घाटावरचे कावळे आसपासच्या कचऱ्यावर पोटभर जेवलेले असतात. पण पिंड ठेवून तासभर झाला, ऊन चढलं आणि लोक रिवाजाप्रमाणे एकेक करून पुढे होऊन बोलू लागले. मेव्हणा म्हणाला, ताईला अंतर देणार नाही. नाना म्हणाले, "बालाजी, तुझ्या नावानं शेड तशीच ठेवीन, हात लावनार न्हाई कुनी." कावळे कठड्यावर बसून बघत राहिले. वहिनी माझ्याकडे वळल्या. "भावजी, तुम्ही बोला की. त्यांचं मन तुम्हालाच ठाऊक होतं." मला ठाऊक होतंच. काय बोलायचं ते चार शब्दांत माझ्या ओठांवर होतं. मी पुढे गेलो, हात जोडले आणि म्हणालो, बालाजी, आम्ही सगळे आहोत. नेत्यांच्या भाषणातही याहून जास्त अर्थ असतो. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिवला आणि आम्ही जेवायला गेलो.

मी आणखीही महिनोन् महिने गप्प राहिलो असतो. चार गुरुवारांपूर्वी थेरगावला गेलो, तर जिन्यात भंगारवाल्याची पोती. बालाजीची हत्यारं बाहेर काढलेली. पाने, कानशी, मोजमापाच्या पट्ट्या, त्याने स्वतः घडवलेली पक्कड, सगळं पोत्यात. मी विचारलं, वहिनी, हे काय? त्या म्हणाल्या, "काय करायचंय ठेवून? ह्याच हातानं केलं आन् ह्याच हातानं गेले. रोज फोटोपुढं बसून विचारायले मी, कुठला नट इसरलात म्हणून. जग माझ्या तोंडावर म्हणतंय, काम कच्चं होतं. मी कुणाकुणाला भांडू?" त्या रडल्या नाहीत, रडू मला आलं. भंगारवाल्याला मी परत पाठवलं आणि जिन्यातच, पोत्यांवर बसून, सगळं सांगितलं. मॅट, दोन कोपरे, विटा, हिरवं फडकं, खिशातलं लाल. काम कच्चं नव्हतं वहिनी, काम पक्कं होतं. कच्चा मी होतो.

 वहिनी उठून आत गेल्या आणि शेडमधून त्याच्या डब्याच्या पिशवीसोबत घरी आलेली एक वही घेऊन आल्या. शाळेची, दोनशे पानी. मी ती कधी पाहिली नव्हती. प्रत्येक उड्डाणाला एक पान. पट्टीने आखलेले तीन रकाने: काय पाहायचं, कसं आढळलं, सही. शेवटचं पान त्या गुरुवारचं. इंजिन, पट्टा, जोड, नट, पंख्याची पाती, तेल... एकतीस ओळी, प्रत्येकीपुढे त्याचं बारीक अक्षर आणि त्याची सही. बत्तिसावी ओळ होती 'जमीन'. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'सुधाकर बघायलाय'. सहीचा रकाना रिकामा. वहिनींनी त्यावर बोट ठेवलं. "एवढी एकच सही ऱ्हायलीय," त्या म्हणाल्या आणि मला पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी मी चौकीत जाऊन जबाब बदलला. तिथल्या साहेबांनी, एवढे दिवस कुठे होतात, असं विचारलं. पुढे जे व्हायचं ते होईल. नाना माझ्याशी बोलत नाहीत. फोन उचलतात, आवाज ओळखतात आणि ठेवतात. कंपनीत हल्ली मी पेटीतला प्रत्येक पीस मोजतो, लाइन थांबते, सुपरवायझर ओरडतो. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी जिन्यात, मांडीवर वही घेऊन, मी 'सुधाकर बघायलाय' या शब्दांच्या पुढे लिहिलं, 'चारपैकी दोन कोपरे पाहिले', आणि सही केली. वहिनींनी वही घेतली, उजेडात धरून वाचली आणि परत माझ्यापुढे केली.

"तारीख टाका," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "त्या दिवशीची?"

"आजची. त्या दिवशी कुठं केल्ती तुम्ही सही?"